गांडूळ मित्र कसा झाला?

वाचकहो, ‘गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलेले असते. परीक्षेत एका गुणापुरते ते उपयोगीही पडते. पण पाठ केलेल्या वाक्याचा एक दोष असतो. ते कोणाला तरी एकदा शोधून काढावे लागले, त्यासाठी कोणाला तरी चार लोकांशी वाद घालावा लागला, हे आपण विसरून जातो. अडीचशे वर्षांपूर्वी हेच वाक्य इंग्लंडातल्या एखाद्या बागवानाला ऐकवले असते, तर त्याने ऐकवणाऱ्याला वेड्यात काढले असते. आणि आपल्या भाषेत तरी या प्राण्याला मान कुठे आहे? कोणीही यावे आणि तुडवून जावे अशा माणसाला आपण ‘अगदीच गांडूळ आहे हो’ असे म्हणतो. तेव्हा हा बिनकण्याचा जीव मित्राच्या पदवीला चढला कसा, त्याची हकीकत आज सांगायची आहे. ती बरीचशी इंग्लंडात घडली. मात्र तिचा एक धागा कलकत्त्याला आणि दुसरा इंदूरला येऊन पोहोचतो.

इंग्लंडातल्या सुखवस्तू माणसाला घरासमोरच्या हिरवळीचे भारी वेड. हिरवळ कशी, तर गालिचासारखी सपाट हवी. गांडूळ रात्री वर येते आणि बिळाच्या तोंडाशी मातीच्या ओल्या वळ्यांचा ढीग घालून जाते. सकाळी त्यावर पाय पडला की चिखल. म्हणून चुन्याची निवळी हिरवळीवर ओतायची, घाबरून वर आलेली गांडुळे वेचायची आणि फेकून द्यायची, असा बागवानांचा रिवाज होता. शेतकऱ्यांचा राग वेगळ्या कारणासाठी. गांडुळे कोवळे पीक खातात, असा त्यांचा समज. सेलबोर्न नावाच्या खेड्यात राहणाऱ्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्रीबाबांनी १७७७ साली एका मित्राला पत्र लिहून या दोघांचीही तक्रार नोंदवली आणि वर सांगितले की, बाबांनो, गांडुळे नाहीशी झाली तर जमीन थंड, घट्ट आणि नापीक होईल. ती जमिनीला भोके पाडतात, पाणी आत मुरू देतात, पाने आणि काड्या आत ओढतात. व्हाइटचे हे पत्र पुढे १७८९ साली त्याच्या पुस्तकात छापले गेले. पुस्तक घरोघर वाचले गेले, पण चुन्याची निवळी काही थांबली नाही. चांगले निरीक्षण आणि पटलेली गोष्ट यांत पुष्कळ अंतर असते. ते तोडायला मोजमाप लागते.

ते मोजमाप करणारा माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. होय, तोच. माणसाचा आणि माकडाचा संबंध लावणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो तो. बीगल नावाच्या जहाजातून पाच वर्षे जगप्रदक्षिणा करून १८३६ च्या ऑक्टोबरात तो मायदेशी परतला. त्यानंतर तो मायर या गावी आपल्या मामांकडे गेला. मामा म्हणजे जोसाया वेजवुड, चिनी मातीच्या भांड्यांच्या प्रसिद्ध कारखानदार घराण्यातले. (दोनच वर्षांनी, १८३९ च्या जानेवारीत, याच मामांची मुलगी एमा हिच्याशी त्याचे लग्न झाले. मामाची मुलगी करण्याची चाल तिकडेही होती तर!) मामांनी भाच्याला एका कुरणात नेले आणि एक मौज दाखवली. काही वर्षांपूर्वी त्या कुरणावर चुना आणि कोळशाचे जळके खडे पसरले होते. आता वर एकही खडा दिसत नव्हता. पण गवताची ढपली उचलून पाहावे, तर काही इंच खाली तेच खडे, एका सपाट थरात, जणू कोणी मुद्दाम मांडून ठेवलेले. आणि त्यांच्यावर बारीक, काळीभोर, चाळणीतून चाळल्यासारखी माती.

हे खडे खाली गेले कसे? मामांचे म्हणणे असे, की खडे बुडालेले नाहीत. त्यांच्यावर माती चढली आहे. गांडुळे खालची माती खाऊन वर आणून टाकतात, ती साचत जाते आणि खडे आपोआप गाडले जातात. कल्पना मामांची होती आणि डार्विनने ती त्यांचीच म्हणून सांगितली, हे त्याच्या स्वभावाला शोभण्यासारखे आहे. १ नोव्हेंबर १८३७ रोजी लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढे त्याने यावर निबंध वाचला. जगभर हिंडून ज्वालामुखी, प्रवाळाची बेटे, अँडीज पर्वत पाहून आलेला हा तरुण कोळशाच्या खड्यांवर बोलायला उभा राहिला, तेव्हा सभासदांना काय वाटले असेल!

पुढची गोष्ट धीराची आहे. १८४२ साली डार्विन लंडनजवळच्या डाउन या खेड्यात राहायला गेला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात घराजवळच्या एका शेतावर त्याने खडूचे, म्हणजे त्या पांढऱ्या मऊ चुनखडीचे, तुकडे पसरले. कशासाठी? पुढे कधीतरी ते किती खोल गेले ते पाहण्यासाठी. आणि मग तो थांबला. मुले झाली, काही दगावली, काही मोठी झाली. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे जगाला हादरवणारे पुस्तक १८५९ साली निघाले, त्यावर गदारोळ झाला. इकडे शेतात खडूचे तुकडे आपले जमिनीत पडून. १८७१ च्या नोव्हेंबर अखेरीस, एकोणतीस वर्षांनी, त्याने त्या शेतात चर खणला. चराच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या तुकड्यांची एक रेघ दिसली, जमिनीपासून सात इंच खाली. हिशेब करा, वर्षाला पाव इंचाच्याही आत. एका वर्षात डोळ्यांना काय दिसणार?

शेजारीच आणखी एक शेत होते. त्यात गारगोट्या इतक्या, की डार्विनची मुले त्याला ‘दगडी शेत’च म्हणत. उतारावरून पळत सुटले की पायांखाली दगड खडखडत. १८४१ साली ते शेवटचे नांगरले आणि मग गवताला सोडून दिले. हे दगड आपल्या हयातीत झाकलेले दिसतील की नाही, अशी डार्विनला शंका होती. तीस वर्षांनी त्या शेतात या टोकापासून त्या टोकापर्यंत घोडा भरधाव दौडवला, तरी त्याच्या नालेला एकही दगड लागला नसता, इतकी वर माती साचली होती. आपल्याकडे मुरमाड रानात दगड वेचून वेचून पिढ्या खपतात. इथे ते काम कोणीही न सांगता झाले होते. अर्थात ओल, पाला आणि न तुडवलेली जमीन या तिन्ही गोष्टी तिथे होत्या, हे विसरू नये.

इतके झाले तरी लोकांना पटले का? १८६९ साली ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या बागकामाच्या पत्रात फिश नावाच्या एका गृहस्थांनी डार्विनचे म्हणणे साफ नाकारले. इतके दुबळे, इतके लहान जीव. त्यांच्या हातून एवढे प्रचंड काम होईल हे शक्यच नाही, असा त्यांचा मुद्दा. डार्विनने हा आक्षेप जपून ठेवला आणि बारा वर्षांनी पुस्तकात त्याला उत्तर दिले. त्याचे उत्तर थोडक्यात असे, की लहानशी गोष्ट पुन्हा पुन्हा घडत राहिली तर तिची बेरीज किती होते, हे माणसाला मनाने करता येत नाही. भूगर्भशास्त्राला आणि उत्क्रांतीच्या विचारालाही याच अडचणीने अडवून धरले होते. मला विचाराल, तर या सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. फिशसाहेब मूर्ख नव्हते. आपण सगळेच फिशसाहेब असतो. दुकानातली खताची गोणी डोळ्यांना दिसते, उचलता येते, तिची किंमत ठाऊक असते. रोज रात्री चिमूटभर माती वर आणणारा मजूर दिसत नाही आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

डार्विनने तो हिशेब ठेवला. लीथ हिल प्लेस इथे राहणाऱ्या, ज्यांच्या काटेकोरपणावर त्याचा पूर्ण भरवसा होता अशा एका बाईंनी वर्षभर मोजून आखलेल्या जागेतल्या गांडुळांच्या मातीच्या वळ्या गोळा केल्या. त्या वाळवून तोलल्या. हेन्सेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने बागेच्या जमिनीत एकरी ५३,७६७ गांडुळे मोजली होती, तो आकडाही त्याने हाताशी घेतला. सगळ्यावरून निष्कर्ष असा निघाला, की इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरी दहा टनांहून अधिक कोरडी माती दर साल गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. बैलगाडीत अर्धा टन धरला, तर वीस गाड्या. नांगर हे माणसाचे फार जुने आणि मोलाचे अवजार; पण माणसाने नांगर धरण्याच्या आधीपासून जमीन नांगरली जात आली आहे, असे तो सांगतो, तेव्हा ते अलंकारिक बोलणे नसते. वीस गाड्यांचा हिशेब त्याच्या पाठीशी असतो.

आता थोडे त्याच्या अभ्यासिकेत डोकावू. कारण या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचा घरगुती उद्योग पाहिल्याशिवाय हकीकत पुरी होत नाही. त्याने कुंड्यांत गांडुळे पाळली होती आणि रात्री दिवा घेऊन तो ती पाहत बसे. गांडुळाला ऐकू येते का? धातूची शिटी कर्कश वाजवून पाहिली, गांडूळ ढिम्म. बासून नावाचे खर्जातले वाद्य जोरात फुंकून पाहिले, ढिम्म. त्यांच्यावर ओरडूनही पाहिले. मग कुंडी पियानोवर ठेवली आणि एक स्वर वाजवला, तोच गांडुळे सरकन बिळात! ऐकू येत नाही, पण हादरा कळतो. डोळे नाहीत, तरी अंगाच्या पुढच्या टोकाला उजेड जाणवतो. कोबीची पाने आवडतात, गाजराची पाने त्याहून आवडतात, आणि मातीत पुरून ठेवलेला कांद्याचा तुकडा ती हुडकून काढतात. घरातली माणसे हे सारे हौसेने करीत असत. लहान मुलांना आजोबांचा हा खेळ काय वाटत असेल, त्याची कल्पना आपण करू शकतो.

पानांचा प्रयोग तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. गांडूळ आपल्या बिळाचे तोंड पानांनी बुजवते. पान कुठून धरून ओढते? शेंड्याकडून धरले तर ते सहज आत जाते, देठाकडच्या रुंद बाजूने धरले तर अडते. लिंडेनच्या झाडाची वाळकी पाने डार्विनने बिळांतून उपसून काढली. त्यांतली ७९ टक्के शेंड्याकडून ओढलेली, अवघी ४ टक्के देठाकडून, बाकीची आडवी. पण पानाची त्यांना उपजत सवय असेल, असे कोणी म्हणेल. म्हणून त्याने कागदाचे त्रिकोण कापले, पावसाने लुळे पडू नयेत म्हणून त्यांना चरबी चोळली आणि जमिनीवर टाकले. ३०३ त्रिकोणांपैकी ६२ टक्के टोकाकडून आत ओढले गेले होते. तेव्हा या जीवाला काही अंशी तरी अक्कल म्हणावी असे काही आहे, असा त्याचा कौल पडला. अकलेची गोष्ट वादाची राहू द्या. बागेच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही, की वर पडलेला पाला असा रोज खाली जातो, पोटातल्या पेषणीत मातीच्या कणांबरोबर भरडला जातो आणि झाडाला घेता येईल अशा रूपात बाहेर पडतो.

१८७७ साली, अडुसष्टाव्या वर्षी, डार्विन स्टोनहेंज पाहायला गेला. कशाला? त्या हजारो वर्षांपूर्वीच्या पडलेल्या शिळा गांडुळांनी किती गाडल्या आहेत ते बघायला! त्याच वर्षी ॲबिंजर या गावी सापडलेल्या रोमन घराच्या जुन्या फरशीवर मुलांच्या मदतीने त्याने पहारा ठेवला. फरशीच्या भेगांतून गांडुळे अजूनही माती वर टाकत होती. रोमन लोकांची नाणी आणि फरश्या आज शाबूत मिळतात, त्याचे थोडे श्रेय मातीचे पांघरूण घालणाऱ्या या जीवांना आहे, असे तो म्हणाला. उत्खनन करणाऱ्यांनी गांडुळांचे आभार मानावेत, ही कल्पना मला फार आवडते.

मघाशी कलकत्त्याचा धागा म्हटला, तो इथे आहे. हे फक्त इंग्लंडच्या ओल्या कुरणापुरते आहे की काय, असा प्रश्न त्याला होताच. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक डॉ. किंग आणि तिथलेच स्कॉट यांच्याकडून त्याने माहिती मागवली. त्या बागेतल्या गांडुळांनी रचलेले मातीचे उभे बुरूज आणि नीलगिरीच्या डोंगरावरचा एक वळ्यांचा ढीग, या दोहोंची चित्रे त्याच्या पुस्तकात आहेत. पावसाळ्यात आपल्या परसातही कधी असे बुरूज उभे राहिलेले दिसतात. चहाच्या चमच्याने ते मोडून टाकण्याआधी नीट पाहावेत. डार्विनने त्यांची चित्रे कोरून घेतली होती.

१० ऑक्टोबर १८८१ रोजी पुस्तक निघाले. नाव लांबलचक आणि नीरस. गांडुळांच्या कामाने सुपीक माती कशी तयार होते आणि त्यांच्या सवयी काय, अशा अर्थाचे. आपले हे पुस्तक कोण वाचणार, असे लेखकाला वाटत होते. पण ते हातोहात खपले. हजारो प्रती गेल्या. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने डार्विनची आणि गांडुळाची व्यंगचित्रे काढली. सहाच महिन्यांनी, १९ एप्रिल १८८२ रोजी, डार्विन वारला. त्याचा मुलगा हॉरेस यंत्रे बनवण्यात कुशल होता. त्याने डाउनच्या बागेत मधोमध भोक असलेला एक गोल दगड बसवला होता. भोकातून धातूचे गज खोल जमिनीत गाडलेले; दगड खचला की गजावरून मोजायचे. वर्षाला सुमारे सव्वादोन मिलिमीटर, हा आकडा त्याने १९०१ साली प्रसिद्ध केला.

इथे गोष्ट संपली आणि गांडूळ सुखी झाले, असे मात्र समजू नका. चुन्याची निवळी गेली, तिच्याहून वाईट वस्तू आल्या. विसाव्या शतकात हिरवळीवरची आणि गोल्फच्या मैदानावरची गांडुळे मारण्यासाठी शिशाचे आर्सेनेट वापरले गेले, पुढे क्लोरडेन आले. ब्रिटनमध्ये क्लोरडेनवर बंदी यायला १९९२ साल उजाडले. म्हणजे डार्विनच्या पुस्तकाला १११ वर्षे झाली, तेव्हा! अमेरिकेत एल्मच्या झाडांवर डी. डी. टी. फवारले, पाने गळली, ती गांडुळांनी खाल्ली, आणि ती गांडुळे टिपणारे रॉबिन पक्षी मिशिगनच्या विद्यापीठाच्या आवारात पटापट मेले. रेचल कार्सन या बाईंनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात ही साखळी जगापुढे मांडली. गांडुळे स्वतः त्या विषाने लगेच मरत नव्हती, हेच वाईट. ती ते साठवीत होती.

आता इंदूर. सर आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली हिंदुस्थानात आला. १९२४ पासून १९३१ पर्यंत तो इंदूरच्या कृषिसंशोधन संस्थेचा प्रमुख होता. शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, ढीग ठरल्या वेळी उलटायचा, की तीन महिन्यांत उत्तम खत. कंपोस्टची ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच जगभर ओळखली गेली. तिची हकीकत सांगणारे १९३१ चे पुस्तक हॉवर्डच्या एकट्याच्या नावाने नाही. सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव त्यावर आहे. इंग्लंडच्या बागांत, अमेरिकेच्या शेतांत इंदूरचे नाव घेतले जाते, वाडांचे फार कोणी घेत नाही. निदान आपण तरी घ्यावे.

हाच हॉवर्ड पुढे इंग्लंडात डार्विनच्या विसरल्या गेलेल्या पुस्तकाकडे वळला. १९४५ साली ते पुन्हा छापले गेले, तेव्हा त्याची लांब प्रस्तावना हॉवर्डने लिहिली. जमिनीत ह्यूमस, म्हणजे कुजून मुरलेला सेंद्रिय अंश, असेल तर गांडुळे असतात आणि गांडुळे असली तर जमीन जिवंत राहते. रासायनिक खते या नात्यावर घाला घालतात, असे त्याचे प्रतिपादन. यात त्याने थोडी अतिशयोक्ती केली, असे आज म्हणावे लागते. इंग्लंडातल्या रोथॅमस्टेड येथे १८५६ पासून चालू असलेल्या गवताच्या प्रयोगात वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिलेल्या तुकड्यांत माती आंबट झाली, गांडुळे जवळजवळ नाहीशी झाली आणि न कुजलेल्या गवताचा जाड थर वर साचून राहिला. तिथे हॉवर्ड खरा. पण माती आंबट न करणारे खत मापाने दिले आणि पिकाचे धसकट रानातच राहू दिले, तर गांडुळांना खाणे वाढते आणि ती वाढतातही. शत्रू खताची गोणी एकटी नव्हे. काडीकचरा जाळून टाकण्याची घाईही तितकीच.

इंदूरच्या ढिगाचे पोट मात्र सुरुवातीला इतके तापते, की गांडुळाला तिथे थारा नाही. तो निवला की ती येतात. या पुढची पायरी, म्हणजे मुद्दाम गांडुळे पोसून त्यांच्याकडूनच खत करून घेणे, ही आपल्याकडे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत रुजली. महाराष्ट्रात, कर्नाटकात गावोगाव गांडूळखताच्या टाक्या दिसू लागल्या. सावलीत वाफा, अर्धवट कुजलेले शेण व पाला, वर ओले गोणपाट. दीडदोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे खत. ते काढताना पाणी देणे थांबवतात, ढीग उजेडात करतात आणि गांडुळे आपोआप तळाशी जाऊन बसली की वरचे खत हाताने ओढून घेतात. डार्विनने दिवा धरून जे पाहिले, त्याचाच हा व्यवहारातला उपयोग.

पण वाचकहो, इथेच एक मोठी गफलत होते, आणि ती होऊ नये म्हणून तर ही सारी जुनी हकीकत सांगितली. बाजारात मिळणारी ती लाल, चपळ गांडुळे वेगळी आणि डार्विनची वेगळी. खताच्या टाकीतली बहुधा आयसेनिया फेटिडा ही युरोपातली, नाहीतर युड्रिलस युजेनी ही पश्चिम आफ्रिकेतली जात. ही उकिरड्यावर, कुजणाऱ्या ढिगात राहणारी मंडळी. माती खणणे हे त्यांचे काम नव्हे. १९७० च्या दशकात मार्सेल बुशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने गांडुळांचे तीन वर्ग लावले: वरच्या पाचोळ्यात राहणारी, मातीतच आडवी हिंडून मातीच खाणारी, आणि खोल उभे बीळ करून वरचा पाला खाली नेणारी. खडू गाडला तो खणणाऱ्यांनी, पाचोळ्यातल्यांनी नव्हे. पिशवीभर लाल गांडुळे विकत आणून कडक उन्हात, उघड्या वाफ्यात सोडून दिली, तर पंधरा दिवसांत ती मरतात किंवा निघून जातात. पैसे गेल्याचे दुःख वेगळे, आणि ‘गांडूळ-बिंडूळ सब झूट’ हा चुकीचा निकाल लागतो तो वेगळाच. टाकीतल्या गांडुळाने टाकीत राहावे आणि त्याचे खत बागेत यावे. बागेतली माती भुसभुशीत करायला बागेतलीच गांडुळे लागतात. दख्खनच्या रानात लॅम्पिटो मॉरिटी ही आपली देशी जात पुष्कळ आढळते. उन्हाळ्यात ती खोल जाऊन निपचित पडते, पाऊस लागला की वर येते. तिला विकत आणावे लागत नाही. ती मरणार नाही एवढे पाहावे लागते.

गांडुळे जमिनीत नवीन काही ओततात, असेही नाही. २०१४ साली हॉलंडच्या वागेनिंगेन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. गांडुळे असताना पिकाचे उत्पन्न सरासरीने २५ टक्के जास्त आले. पण ते का आले? पाल्यात आणि मातीत अडकून पडलेला नत्र त्यांनी मोकळा केला म्हणून. जिथे पिकाचे अवशेष पुष्कळ परत दिले होते तिथे फायदा अधिक. जिथे नत्राचे खत आधीच भरपूर घातले होते तिथे तो दिसेनासा झाला. गांडूळ हा कामगार आहे, सावकार नव्हे. कोठीत काही नसेल तर त्याने वाटायचे काय?

आणि तो सगळीकडे मित्र आहे, हेही खरे नाही. उत्तर अमेरिकेचा मोठा भाग हिमयुगात बर्फाखाली होता. बर्फ वितळल्यानंतरही तिथल्या अरण्यांत हजारो वर्षे गांडुळे नव्हतीच. युरोपीय वसाहतवाल्यांच्या रोपांबरोबर आणि जहाजांतल्या मातीबरोबर ती तिथे पोहोचली. मिनेसोटाच्या जंगलांत जमिनीवर पाचोळ्याचा जो जाड थर असे, तो त्यांनी खाऊन टाकला आणि त्या थरात रुजणारी रानफुले व मेपलची रोपे उघडी पडली. डाउनच्या कुरणात जे वरदान, ते तिथे संकट. पाठ केलेल्या वाक्याला अशी ठिकाणाची अट असते.

आपली बाग कुठल्या बाजूला आहे, हे पाहायला डार्विनसारखी एकोणतीस वर्षे थांबायला नको. श्रावणात, चार दिवसांची झड ओसरली की सकाळच्या वेळी फूटभर लांब, फूटभर रुंद आणि फूटभर खोल असा मातीचा ठोकळा फावड्याने काढावा. तो गोणपाटावर पसरून गांडुळे मोजावीत; लहानमोठी सगळी. आकडा वहीत लिहून माती परत भरावी. मग त्या वाफ्यातला पाला झाडून जाळायचा नाही, तिथेच पसरायचा. खणणे कमी करायचे, तणनाशक आणि कीटकनाशक दूर ठेवायचे, उन्हाळ्यात पाचोळ्याखाली ओल टिकेल इतके पाणी द्यायचे. पुढच्या श्रावणात शेजारीच पुन्हा तसाच ठोकळा काढावा आणि नवा आकडा पहिल्याच्या खाली मांडावा.